मोकळी झाली

शेडमध्ये काही शब्द बोलायचे नसतात, हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. कोपऱ्यातल्या खणातली डुकरीण गाभडली होती आणि मी तसं म्हणाले. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातातलं घमेलं खाली ठेवलं, माझं मनगट धरलं आणि मला शेडबाहेर नेलं. गाभण जनावरांच्या देखत तो शब्द काढायचा नाही, त्या म्हणाल्या. ती ऐकतात. एकीनं ऐकलं की दुसरीचंही पोट पडतं. म्हणून 'मोकळी झाली' म्हणायचं. पिल्लं मेली असंही म्हणायचं नाही, 'गेली' म्हणायचं.

मी हसले नाही. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ती वाढतेच. मग डुकरिणीनं मोकळं व्हायला माझी काय हरकत असणार? महिन्याभरात तो शब्द माझ्याही तोंडात बसला आणि जुना शब्द मी विसरून गेले.

आमच्या विटकरांच्या घरात डुकरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पूर्वी ती काळी, केसाळ आणि गावाबाहेर हिंडणारी होती. आता जतच्या माळावर पत्र्याच्या लांबलचक शेड आहेत, आत धिप्पाड गुलाबी-पांढरी विलायती जनावरं आहेत, आणि आम्ही पगारी माणसं आहोत. मालक संकपाळ पुण्याला राहतात आणि पडद्यावर शेड बघतात. खाद्याची गाडी ड्रायव्हरशिवाय येते आणि ओतून जाते. घाण काढायला मात्र अजून माणूसच लागतं. आत्या तिथं सगळ्यांत जुन्या. माझा नवरा हणमंत जेसीबी चालवतो, त्याचा डुकरांशी संबंध तेव्हा नव्हता. त्याला मी एकटी असताना अरे-तुरे करते आणि आत्यांच्या समोर अहो-जाहो. आत्यांना हे माहीत आहे, पण त्याही बोलत नाहीत. आमच्या घरात न बोलण्याच्या गोष्टी पुष्कळ.

मग हुंग्या आला. कंपनीनं त्याचं नाव 'गंधवेध' ठेवलं होतं, पण ते खोक्यावरच राहिलं. प्रत्येक खणावर जेवणाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी टांगली, तिला खाली बारीक भोकं आणि एक दिवा. पेटी दिवसभर हवा ओढत बसायची, म्हणून तिचं नाव हुंग्या पडलं.

बसवायला आलेल्या बाईंनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. ब्रुसेला नावाचा एक जिवाणू आहे. गाभण डुकरिणीच्या अंगात शिरला की तो वारेत, म्हणजे पिल्लांना पोसणाऱ्या आवरणात, जाऊन बसतो. गाय, शेळी, डुकरीण यांच्या वारेत एक साखर असते, ती त्याला भलतीच आवडते. तो खातो, वाढतो, वार सडत जाते आणि पिल्लं अवेळी बाहेर पडतात. वरून डुकरीण ठणठणीत असते. खाते, पिते, अंगावर धावून येते. कधीकधी पोट इतक्या लवकर पडतं की कुणाला कळतही नाही. नरालाही तो रोग लागतो आणि नराकडून पुढच्या माद्यांना. पण हा जिवाणू वाढताना काही वायू तयार होतात, ते रक्तात मिसळतात आणि श्वासातून बाहेर पडतात. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही, हुंग्याला लागतो. पोट पडायच्या कितीतरी आधी लागतो. तेवढं एक जनावर बाजूला काढलं की बाकीची वाचतात.

अडचण एकच होती. प्रत्येक शेडचा वास निराळा. खाद्य निराळं, पाणी निराळं, फिनेल निराळं. म्हणून पहिलं वर्षभर हुंग्याला शिकवायचं होतं. त्यानं वास साठवत जायचा आणि पुढं त्या डुकरिणीचं काय झालं ते माणसानं सांगायचं. आमचे हात कायम घाणीत, म्हणून लिहायची भानगड नव्हती. पेटीखाली उभं राहून तोंडानं बोलायचं. ते काम मालकांनी मला दिलं. मी बारावी झालेली आणि माझा आवाज खणखणीत, एवढीच माझी लायकी.

मी वर्षभर बोलत राहिले. सात नंबर व्याली, दहा पिल्लं. बारा नंबर व्याली, नऊ पिल्लं. तीस नंबर मोकळी झाली, पिल्लं गेली. हुंग्या गोड आवाजात "नोंद झाली, ताई" म्हणायचा. मला ताई म्हणणारं त्या शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

वर्ष संपलं आणि दिवे लागले. सगळेच्या सगळे हिरवे. मालकांनी पुण्याहून मिठाई पाठवली.

हिरव्या दिव्याचे फायदे होते. ज्या फार्मचे दिवे हिरवे, त्याला रक्ताच्या तपासण्या माफ असा नवा नियम झाला होता. तपासणी गेली, त्यामागून हातमोजे गेले, चष्मे गेले, आणि पोटुशी बाई शेडमध्ये नको हा जुना नियमही गेला. त्याच्या बदल्यात प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला आला. त्यातही तेच नाक आणि तोच दिवा, फक्त लहान. आमचे नर आता शेजारच्या तालुक्यांतल्या फार्मवर विकले जाऊ लागले, हिरव्या शेडचे म्हणून.

त्याच सुमारास मला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवस झाले होते, सोलापूरच्या डॉक्टरांकडं चकरा झाल्या होत्या, आणि शेवटी आम्ही दोघांनी तो विषय काढणं सोडून दिलं होतं. मला फार आनंद झाला. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतरचं लिहिताना तो कुठं शोधून सापडत नाही. हणमंतनं तर जेसीबीच्या काचेवर मागच्या बाजूला बाळाचं एक छोटं चित्र चिकटवलं. आत्यांनी मला जड उचलू दिलं नाही. बाकी सगळं मी करत होते. डुकरीण अडली तर कोपरापर्यंत हात घालून पिल्लू ओढायचं, पडलेली वार उचलायची. माझा हात बारीक म्हणून ते काम माझंच. मालक फोनवर म्हणाले, बिल्ला हिरवा आहे तोवर बिनधास्त ये. मी गेले. घरी बसून मी काय करणार होते?

पाचव्या महिन्यात संध्याकाळचं अंग तापायला लागलं. पहाटे घामानं गाऊन भिजायचा. कंबर धरायची, गुडघे धरायचे, दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा ताप. आत्या म्हणाल्या, पहिलटकरणीचं अंग असंच असतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त बघितलं, मलेरिया बघितला आणि माझ्या गळ्यातला हिरवा बिल्ला बघितला. बिल्ला बघितल्यावर त्यांनी पुढं काही बघितलं नाही.

मालकांना चिंता वेगळीच होती. दिवे हिरवे असूनही विकायला पिल्लं कमी निघत होती. खाद्यात खोट असेल म्हणून त्यांनी जनावरांच्या डॉक्टर केळुस्करबाईंना पाठवलं. उंच, हडकुळी बाई, बोलायला मोकळीढाकळी. आल्या दिवशी त्यांनी खाद्य तपासलं, पाणी तपासलं, आणि दुपारी पालथ्या बादलीवर बसून आमच्याबरोबर भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडमध्येच होत्या. चाळीस नंबरला पहाटे होऊन गेलं होतं. आत्यांनी घमेल्यात सगळं भरून वर पोतं टाकलं आणि त्या मागच्या चुन्याच्या खड्ड्याकडं निघाल्या. मी पेटीखाली उभी राहिले आणि म्हणाले, चाळीस नंबर मोकळी झाली, पिल्लं गेली. हुंग्या म्हणाला, "नोंद झाली, ताई."

केळुस्करबाई खणाशी आल्या. आत वाकून बघितलं. डुकरीण एकटीच होती.

"व्याली ना ही? पिल्लं कुठायत?"

"व्याली नाही," मी म्हणाले. "मोकळी झाली."

"म्हणजे तेच ना?"

शेडमध्ये ते सांगता येत नव्हतं. आत्या दारात घमेलं घेऊन थांबल्या होत्या आणि मान हलवून मला नको नको म्हणत होत्या. मी बाईंना खुणेनं बाहेर बोलावलं, आत्यांच्या घमेल्यावरचं पोतं उचललं आणि त्यांना दाखवलं. मग हळू आवाजात तो शब्द सांगितला.

बाई घमेल्याकडं बघत राहिल्या. त्यांनी विचारलं, हुंग्याला तुम्ही कायम असंच सांगता का? मी हो म्हणाले. पहिल्या दिवसापासून? हो. बाकीची माणसं? तीही. मग त्या तिथंच कठड्यावर बसल्या. मला वाटलं, आता जनावरांबद्दल काहीतरी विचारतील. त्यांनी विचारलं, "कितवा महिना तुम्हाला?" आणि माझे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले. चुन्यानं भेगा पडलेल्या होत्या, पत्र्यानं कापलेलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. नंतर पुष्कळ दिवस तीही वाटली नाही.

हुंग्या चांगलं मराठी शिकून आला होता. एखादा शब्द कळला नाही तर तो थांबून विचारायचा. हा शब्द त्याला कळत होता, हीच अडचण झाली. मोकळी होणे म्हणजे सुखरूप बाळंत होणे. ते चूकही नाही. कुठल्याही घरात सून मोकळी झाली की पेढेच वाटतात. पिल्लं गेली याचा अर्थ त्यानं दुसऱ्या आईच्या अंगावर पाजायला गेली असा लावला. मोठ्या शेडमध्ये तसं करतातच. तेव्हा आमच्याकडं वर्षभरात एकाही डुकरिणीचं पोट पडलं नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं. तो रोगट वास त्यानं हुंगला होता, पण तो वास म्हणजे या शेडमधल्या सुखरूप बाळंतिणींचा वास, असं आम्हीच त्याला शिकवलं.

रक्तं घेतली. जनावरांची आणि आमचीही. जनावरांपैकी निम्म्याच्या वर रोगाची निघाली. नर सगळे निघाले. माणसांत मी निघाले आणि घाण काढणारा परसू निघाला. परसूला गोळ्या दिल्या, तो बरा होणार होता. माझं काय, हे कुणी पटकन सांगेना.

शेवटी केळुस्करबाईंनीच घरी येऊन सांगितलं. त्या आधीच म्हणाल्या, मी जनावरांची डॉक्टर आहे, माझ्या बोलण्यावर जाऊ नका, पण तुम्हाला कुणीतरी समजावायला हवं. डुकरिणीच्या वारेत ती साखर असते. बाईच्या वारेत ती नसते. त्यामुळं बाईचं पोट पडेलच असं नाही. कित्येकींचं नीट पार पडतं. कित्येकींचं नाही. गोळ्या घेतल्या तर शक्यता वाढते. पण लागण होऊन किती दिवस झाले ते कळायला मार्ग नाही. आत्या चुलीजवळ बसून ऐकत होत्या. बाई गेल्यावर त्यांनी कप विसळले आणि जागच्या जागी ठेवले.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी लघवी केशरी होते. रोज सकाळी ते बघायचं आणि दिवस सुरू करायचा.

जनावरं मारायचा हुकूम आला. डुकरांना या रोगाचं औषध देत नाहीत, ती पुरतात. खड्डा खणायला जेसीबी लागतो, आणि आमच्या भागात जेसीबी हणमंतचा. तो नाही म्हणाला असता तर दुसरा कुणी आला असता. त्यानं शेडच्या मागं माळावर लांब चर खणला. मी उंबऱ्यात बसून आवाज ऐकत होते. आधी जनावरांचा, मग यंत्राचा, मग नुसता यंत्राचा. तीस नंबर माझी आवडती होती, खरारा करायला गेलं की पाठ घासायची. ती गेली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मी फक्त तिचा नंबर आठवला आणि मग दुसरा नंबर आठवला. संध्याकाळी हणमंत आला, अंघोळ केली आणि जेवला. काचेवरचं बाळ त्यानं खरवडून काढलं नव्हतं, पण त्यावर चुना उडाला होता.

पुढच्या आठवड्यात कंपनीची ऋजुता नावाची मुलगी आली. माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं माझी माफी मागितली, आणि ती मनापासून मागितली असावी. आमचे नर जिथं जिथं गेले तिथल्या पेट्यांनीही वर्ष वाचावं म्हणून आमच्याच हुंग्याकडून शिकवण घेतली होती. हिरव्या शेडची शिकवण म्हणून. ती सगळी उलटी फिरवायची होती. त्यासाठी माझाच आवाज हवा होता.

आम्ही दोघी रिकाम्या शेडमध्ये बसलो. ती माझा साठवलेला आवाज लावायची. 'तीस नंबर मोकळी झाली.' मी पेटीखाली उभी राहून म्हणायची, तीस नंबर गाभडली. 'अठरा नंबर मोकळी झाली.' अठरा नंबर गाभडली. ऐकायला आता एकही जनावर नव्हतं, तेव्हा तो शब्द बोलायला कुणाची हरकत नव्हती. माझा जुना आवाज मोठा उत्साही होता. मी त्या बाईला ओळखत नव्हते.

काम संपल्यावर ऋजुतानं एक बटण दाबलं. दूरच्या फार्मवरचे दिवे तिच्या पडद्यावर दिसत होते, ते एकेक करत लाल होत गेले. मग तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. मी खाली बघितलं. माझ्या गळ्यातला बिल्लाही लाल झाला होता.

ती घाईघाईनं समजावू लागली. हा दिवा डुकरिणींवर शिकलेला आहे. बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ काय ते आम्हालाच माहीत नाही, कारण आमच्याकडं एकाही बाईची नोंद नाही. हवं तर तुम्ही तो आत्ता काढून द्या. मग थोडं थांबून ती म्हणाली, नाहीतर बाळंतपणापर्यंत ठेवा. आता कितीतरी शेडमध्ये कितीतरी पोटुशा बायकांचे बिल्ले लाल होणार आहेत, आणि त्यांना कुणी सांगू शकणार नाही की याचा अर्थ काय. शेवटी काय झालं ते फक्त स्पष्ट शब्दांत बिल्ल्यासमोर बोलायचं.

हणमंतला ते ऐकून संताप आला. तो म्हणाला, "डुकराचा बिल्ला हाय त्यो. आत्ताच्या आत्ता काढ आणि चुलीत टाक." मी काढला नाही. त्याला वाटलं मी बायकांचं भलं करायला निघालेय. तसं काही नव्हतं. मला तो दिवा खोटा पाडायचा होता. पोर हातात घेऊन, तो गळ्यात घालून शेडवर जायचं आणि म्हणायचं, व्याले. एवढंच मला हवं होतं. बाकी काही हवंसं वाटायचं बंद झालं होतं.

लाल दिवा घेऊन हिंडणं सोपं नव्हतं. औषधाच्या दुकानात माणसं बाजूला सरकायची. सातव्या महिन्यात हणमंतच्या बहिणीनं डोहाळेजेवण ठरवलं होतं. बायका आल्या, पण ओटी भरताना हात लांबूनच पुढं करत होत्या, निम्मे तांदूळ खाली सांडले. हा रोग असा शेजारी बसून लागत नाही, हे मी दोनतीनदा सांगितलं. नंतर सांगायचा कंटाळा आला.

आत्या माझ्याशी बोलत नव्हत्या. रागानं नव्हे. त्यांनी बोलणंच कमी केलं होतं. माझं पथ्य, माझ्या गोळ्या, पायाला तेल, सगळं वेळेवर व्हायचं. एका दुपारी माझ्या पायाला तेल चोळता चोळता त्या थांबल्या.

"माझ्या सासूनं मला शिकवलं, तिच्या सासूनं तिला," त्या म्हणाल्या. "जनावरांवर संकट येऊ नये म्हणून शिकवलं हुतं गं."

त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. तुमची चूक नाही, असं काहीतरी. ते खरंही होतं. मला राग यायला हवा होता, नाहीतर दया यायला हवी होती. दोन्ही आलं नाही. मी पाय पुढं केला, आणि त्यांनी पुन्हा तेल लावायला सुरुवात केली.

पोर हलायचं. दुपारी जेवल्यावर जास्त हलायचं. मी पोटावर हात ठेवून बसायची आणि दुसऱ्या हातानं बिल्ला पालथा घालायची.

मग एका सकाळी ते हललं नाही. भांडी घासता घासता माझ्या लक्षात आलं. मी हात धुतले, पाणी प्याले, डाव्या कुशीवर आडवी झाले आणि वाट बघितली. आत्यांनी मला तसं पडलेलं बघितलं आणि काही न विचारता रिक्षा बोलावली. हणमंत तेव्हा पलीकडच्या तालुक्यात होता, आमचा नर जिथं गेला होता त्या फार्मवर. त्या महिन्यात त्याला खड्ड्यांचंच काम होतं. दवाखान्यात नेलंय, एवढाच निरोप त्याला गेला होता.

दवाखान्यातलं मला सलग आठवत नाही. पोटावर फिरणारं थंड यंत्र, डॉक्टरीणबाईंचं पडद्याकडं बघत राहणं, मग कळा आणायचं इंजेक्शन. कळा खऱ्या बाळंतपणासारख्याच असतात, ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. दुपारनंतर सगळं झालं. त्यांनी ते कापडात गुंडाळून बाहेर नेलं. आत्या मागोमाग गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. मी काही विचारलं नाही. हुंग्या बरोबर निघाला, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि तोही दुसऱ्या कुणाबद्दल असावा तसा. बिल्ला नर्सनं काढून खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला होता. दिवा चालू होता.

हणमंतचा फोन आला. आत्यांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, त्या तो तळहातावर आडवा धरतात आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जातं. मागं त्याचं यंत्र घरघरत होतं. तो ओरडून बोलत होता.

"आई, मोकळी झाली का कावेरी?"

कुठलाही मुलगा आईला असंच विचारेल. आत्यांनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नुसतं हो म्हणाल्या असत्या तरी आमच्या शेडच्या बोलीत ते खरंच होतं. तो मात्र पेढे आणायला निघाला असता. बाजूच्या खाटेवरची पोटुशी बाई कुशीवर वळून ऐकत होती. आत्यांनी तिच्याकडंही बघितलं.

"गाभडली रे," त्या म्हणाल्या. "आपली कावेरी गाभडली."

बाईमाणसासाठी हा शब्द कुणी वापरत नाही. नर्सनं झटकन मान वळवली. स्टुलावरून गोड आवाज आला, "नोंद झाली, ताई." आत्यांनी तो शब्द मुलाला कळावा म्हणून वापरला की बिल्ल्याला, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पलीकडून नुसती घरघर येत होती. आत्या फोन तसाच धरून उभ्या होत्या. मला वाटलं हणमंतनं फोन ठेवला. मग त्याचा आवाज आला. आता तो ओरडत नव्हता.

"पोरगं हुतं का पोरगी?"

हे मी विचारलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं, बिल्ल्याला त्याची गरज नव्हती. मी उशीवरून मान उचलून आत्यांकडं बघितलं.

"पोरगी," आत्या म्हणाल्या. "तुझ्यासारखं कपाळ हुतं."

तेव्हा मला रडू आलं. इतक्या जोरात आलं की टाके ओढले गेले आणि नर्स धावत आली. आत्यांनी तिला हातानं थांबवलं, फोन माझ्या कानाशी आणून धरला आणि माझ्या डोक्यावर दुसरा हात ठेवला. मागं हणमंतचं यंत्र चालूच होतं. मग त्यानं ते बंद केलं.